घंटी वाजते, फोन कुणाचाच नसतो : तबकडीच्या जुन्या फोनची चुकार टिणटिण कशी थांबवायची

सावद्याच्या आमच्या जुन्या घरात फोन तीन होते आणि लाइन एकच. एक पेढीवर, एक माजघरात, एक माडीवर. आजोबांची केळीची आडत होती. पेढीवर त्यांनी तबकडी फिरवली की माडीवरची घंटी दबक्या आवाजात टिणटिणायची. आजी वर निवडण-टिपण करत बसलेली असे आणि तिला त्या टिणटिणीतून गाव कळे. शून्याच्या दहा टिचक्या, मग एक, मग पुन्हा एक, की ती म्हणे, "दिल्ली लावली वाटते आज." शून्यानंतर दोन, पाच, सात असं आलं की जळगाव. दिल्लीच्या ०११ च्या बारा टिचक्या, जळगावच्या ०२५७ च्या चोवीस. घरात कुणालाच हा बिघाड वाटत नव्हता. फोनची तशी पद्धतच असते, असं सगळे धरून चालले होते.

पुढे मीच असले फोन उघडायला लागलो तेव्हा कळलं की बिघाडही आहे आणि उपायही आहे. बहुतेक वेळा तो फुकटचा असतो. अलीकडे हे फोन पुन्हा बाहेर निघाले आहेत. कुणाच्या माळ्यावर आजोबांचा काळा फोन सापडतो, कुणी भंगारातून जड बेकेलाइटचा उचलून आणतो आणि फायबरच्या डब्याला जोडून दिवाणखान्यात मांडतो. आठ दिवसांत तक्रार येते : "भाऊ, घंटी वाजते, उचलला तर कोणीच नाही." अशा सगळ्यांसाठी हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

घंटीला खरं-खोटं कळत नाही

फोनचा तळ उघडला की दोन कॉइल, त्यांच्यामध्ये कायमचा लोहचुंबक, समोर डोलणारी लोखंडी पट्टी, पट्टीला तारेवर बसवलेला टोला आणि टोल्याच्या दोन बाजूंना धातूच्या दोन वाट्या दिसतील. कॉइलमधून वीज एका दिशेने गेली की टोला डावीकडे, उलट दिशेने गेली की उजवीकडे. खरा फोन येतो तेव्हा एक्सचेंज साधारण ७५ व्होल्टचा, सेकंदाला २५ आवर्तनांचा (२५ हर्ट्झचा), दिशा बदलत राहणारा प्रवाह पाठवतं. टोला तेवढ्याच वेगाने डावीउजवीकडे आपटतो आणि आपल्या ओळखीची ती दुहेरी घंटी ऐकू येते : ०.४ सेकंद वाजणं, ०.२ सेकंद थांबणं, पुन्हा ०.४ वाजणं, मग २ सेकंद शांतता.

बाकी वेळ लाइनवर सुमारे ५० व्होल्टचा एकाच दिशेचा दाब असतो. तो घंटीत शिरू नये म्हणून घंटीच्या वाटेत कंडेन्सर बसवलेला असतो, ज्याला आता कपॅसिटर म्हणतात. स्थिर दाब त्यातून जात नाही. पण दाब एकदम चढला किंवा उतरला की तेवढ्यापुरता एक झटका आरपार जातो आणि तो झटका टोल्याला पुरतो.

तबकडी नेमकं हेच करते. बोट सोडलं की ती परत येताना लाइन कापते आणि जोडते, सेकंदाला दहा वेळा. एका वेळी साधारण ६७ मिलिसेकंद तुटलेली, ३३ मिलिसेकंद जोडलेली. जोडलेली असताना लाइनवर दहाएक व्होल्ट, तुटली की पुन्हा ५०. म्हणजे प्रत्येक टिचकीला ४० व्होल्टची चढ-उतार. त्यात लाइन तुटताना एक्सचेंजच्या रिलेची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचची, कॉइल आपली वेगळी उसळी मारते. हे सगळे धक्के त्याच दोन तारांवर टांगलेल्या दुसऱ्या फोनच्या घंटीपर्यंत पोहोचतात. माडीवरच्या घंटीने आजीला कधी खोटं सांगितलं नाही. तारेवर जे घडत होतं ते ती जसंच्या तसं वाजवत होती.

आधी कान, मग पेचकस

फोन उघडण्याआधी दोन दिवस नुसतं ऐका. घंटी कधी वाजते हे कळलं की अर्धं काम झालं.

दुसऱ्या फोनवरून नंबर फिरवताना वाजते का? मग टिचक्या मोजा. सात फिरवल्यावर सात, शून्यावर दहा आल्या तर वरचंच कारण, शंका नको. ही सगळ्यात साधी तक्रार.

रिसीव्हर ठेवताना किंवा उचलताना एकच "टिंग" येतं का? तोच प्रकार, फक्त चढ-उतार एकदाच होते. समोरच्याने फोन उचलल्याबरोबर दुसऱ्या खोलीत एक टिंग येत असेल, तर काही एक्सचेंजांत उत्तर मिळताच लाइनच्या दोन तारांची दिशा उलटायची, तिचा तो आवाज. एसटीडी बूथवाल्यांच्या कित्येक मीटरांचं बिल याच उलटण्यावर सुरू व्हायचं.

जो फोन फिरवताय त्याचीच घंटी कुरकुरते का? हे वेगळं दुखणं. तबकडी फिरत असताना आतल्या काही धातूच्या बारीक पत्त्या एकमेकींना चिकटतात आणि त्या अवधीपुरती घंटी किंवा कानातला आवाज बंद करतात. त्या पत्त्यांवर काजळी-धूळ बसली की घंटी मोकळी सुटते.

रोज रात्री ठरावीक वेळी, दोन-तीनच्या सुमारास, एखादीच टिणटिण? किंवा पावसाळ्यातच, वाऱ्यातच वाजते? याचं उत्तर बहुधा फोनच्या बाहेर असतं, त्याच्याकडे शेवटी येतो.

आणि हो, लाइनला न जोडताही वाजते का तेही बघा. ही थट्टा नाही. भुसावळला एका ओळखीच्या घरी फोन ठेवलेल्या फळीमागेच पिठाची गिरणी होती. गिरणी सुरू झाली की टोला थरथरून वाटीला घासायचा. दोन महिने त्यांनी तारा तपासल्या होत्या.

हातात काय हवं

लहान-मोठे दोन पेचकस, नाकाडी पक्कड, मल्टिमीटर, छोटी सोल्डरिंग इस्त्री, जुनं व्हिजिटिंग कार्ड आणि मोबाइल. तळ उघडला की कशालाही हात लावण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढा. हे कंटाळवाणं वाटतं, पण सहा रंगांच्या तारा सुटल्यावर फोटोसारखा आधार नाही.

दुसरं, काम करताना फोन रोझेटमधून, म्हणजे भिंतीवरच्या जोडणीच्या डबीतून, पूर्ण सुटा करा. ५० व्होल्ट फारसे जाणवत नाहीत. पण तुमची बोटं टर्मिनलवर असताना कुणाचा फोन आला, तर ७५ व्होल्टचा झटका हात झिंझिणून सोडतो. ढगांचा गडगडाट असताना लाइनला हात लावायचाच नाही.

पहिला उपाय : तारा उलटवा

यात खर्च शून्य आणि वेळ पाच मिनिटं. म्हणून सुरुवात इथूनच.

बहुतेक घंट्यांत टोला विश्रांतीत मधोमध नसतो, एका बाजूला झुकलेला असतो, एका बारीक स्प्रिंगने ओढून धरलेला. लाइन तुटतानाचा धक्का सगळ्यात जोराचा असतो. तो जर टोल्याला ज्या बाजूला तो आधीच झुकला आहे त्याच बाजूला ढकलत असेल, तर टोला जागचा हलत नाही आणि आवाज होत नाही. तोच धक्का उलट बाजूला ढकलत असेल, तर टोला उठून समोरच्या वाटीवर आदळतो. खऱ्या घंटीला याचा काहीच फरक पडत नाही, कारण तिचा प्रवाह दोन्ही दिशांनी सारखाच असतो.

म्हणजे काम एवढंच : जो फोन टिणटिणतो त्याच्या दोन लाइन तारा रोझेटवर अदलाबदल करा. मग दुसऱ्या फोनवरून शून्य फिरवून ऐका. आवाज गेला किंवा निम्मा झाला, तर दिशा बरोबर लागली. वाढला, तर पूर्ववत करा. दोन्हीकडे सारखाच राहिला, तर स्प्रिंग काम करत नाही, पुढच्या पायरीवर जा.

एक सावधगिरी. तबकडीच्या फोनला तारांची दिशा कुठलीही चालते. पण काही जुने बटणांचे फोन उलट्या दिशेला जोडले की बोलणं होतं आणि बटणं मात्र मुकी होतात. तसं झालं तर लाइनच्या तारा परत सरळ करा आणि फोनच्या आत फक्त घंटीच्या दोन तारा उलटवा.

सावद्याच्या घरी माडीवरच्या फोनला एवढंच पुरलं. दोन स्क्रू. इतकी वर्षं कुणी हात लावला नव्हता.

दुसरा उपाय : स्प्रिंग आणि वाट्या

हा भाग घाईने करायचा नाही. घंटीचा गोडवा इथेच असतो आणि बिघडतोही इथेच.

टोल्याच्या पट्टीजवळ केसाहून थोडी जाड अशी पोलादी तार किंवा बारीक गुंडाळी स्प्रिंग शोधा. काही मॉडेलांत तिचं टोक अडकवायला दोन खाचा असतात, एक सैल आणि एक ताठ. टोक ताठ खाचेत सरकवा. खाचा नसतील, तर स्प्रिंगचं टोक पकडीने अगदी किंचित वाकवून ताण वाढवा. किंचित म्हणजे किंचितच. ताण जास्त झाला, तर टिणटिण जाईल आणि खरी घंटीही अर्धमेली वाजेल. चाचणी सोपी आहे : बोटाने टोला समोरच्या वाटीपर्यंत न्या आणि सोडा. तो सहज, एका दमात आपल्या जागी परतायला हवा. वाटेत रेंगाळला तर ताण कमी. ढकलताना बोटाला जोर लावावा लागला तर ताण जास्त.

आता वाट्या. प्रत्येक वाटीच्या मधोमध स्क्रू दिसतो, पण वाटीचं भोक बरोबर मध्यावर नसतं, जरा बाजूला असतं. म्हणून स्क्रू सैल करून वाटी फिरवली की तिची कड टोल्याजवळ येते किंवा लांब जाते. बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली ही सोय आहे. ती माहीत नसल्याने लोक टोल्याची तारच वाकवतात आणि जुनी तार तुटते. तार वाकवू नका.

टोला विश्रांतीत असताना जवळच्या वाटीपासून एखादं व्हिजिटिंग कार्ड आरामात सरकेल एवढं अंतर हवं, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. टोला वाटीला टेकलेला राहिला, तर खऱ्या घंटीचा आवाज बद्द येतो आणि जरा धक्का बसला की घासतो. समोरच्या वाटीचं अंतर मात्र थोडं वाढवून बघा. टिचकीच्या धक्क्याने टोला थोडाच सरकतो, पूर्ण रिंगच्या जोराने लांब जातो. म्हणून लांबची वाटी जराशी दूर नेली, की टिचकी तिथपर्यंत पोहोचत नाही आणि रिंग पोहोचते. मी दर वेळी वाटी थोडी फिरवतो, स्क्रू आवळतो, घरच्या कुणालातरी दुसऱ्या फोनवरून शून्य फिरवायला लावतो, मग मोबाइलवरून रिंग देऊन बघतो. असे पाच-सहा फेरे होतात. अर्धा तास जातो, जाऊ द्या.

स्क्रू आवळताना वाटी हाताने धरून ठेवा, नाहीतर ती स्क्रूबरोबर फिरते आणि सगळं जुळवलेलं जातं. वाटीखाली वॉशर असतील तर ते त्याच क्रमाने परत बसवा. वाटी आतल्या पत्र्याला कुठे टेकली, तर घंटी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते.

धुळीचं आपल्याकडे वेगळंच. काळ्या मातीची बारीक धूळ तेलात मिसळली की टोल्याच्या खिळीवर लुकण तयार होतं. त्याने टोला कधी अडकतो, कधी अर्धवट परततो. खिळी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून कोरडी ठेवा. शिलाई मशीनचं तेल घालू नका. मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा ते तेल पातळ होऊन कॉइलवर उतरतं आणि थंडीत घट्ट होऊन बसतं.

तबकडीच्या पत्त्यांचंही याच बैठकीत उरका. व्हिजिटिंग कार्डची पट्टी कापून अल्कोहोलमध्ये बुडवायची, दोन पत्त्यांच्या मधे घालून पत्त्या हलक्या दाबायच्या आणि पट्टी ओढून घ्यायची. काळी रेघ येणं बंद होईपर्यंत. पॉलिश पेपर नको, पत्त्यांच्या टोकावरचा मऊ धातूचा ठिपका त्याने निघून जातो.

कापूस, चिंधी आणि चिकटपट्टी

लोक घंटीत काय काय कोंबतात! कापूस, बनियनचा तुकडा, सायकलच्या ट्यूबचा रबर, एकदा तर केळीच्या खोक्याचा पुठ्ठा. टिणटिण थांबते हे खरं. पण खरी घंटीही तितकीच दबते, कापूस ओल धरतो आणि कॉइलच्या तारेला हिरवट गंज चढतो. दोन दिवसांसाठी करायचं तर करा, कायमचं नको.

तिसरा उपाय : कंडेन्सर

ब्रिटिश धाटणीच्या जुन्या फोनांत घंटीच्या वाटेत साधारण १.८ ते २ मायक्रोफॅरडचा (हे कंडेन्सरच्या क्षमतेचं माप) कंडेन्सर असतो. बेंगळुरूला १९४८ साली सुरू झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचे फोन आपल्याकडे घरोघरी होते. तुमचा कुठलाही असो, कंडेन्सरच्या डब्यावर छापलेला आकडा बघा.

कंडेन्सर जेवढा मोठा, तेवढा प्रत्येक टिचकीचा झटका भरीव. दोन मायक्रोफॅरडमधून ४० व्होल्टच्या उडीला ८० मायक्रोकूलंब भार सरकतो, एक मायक्रोफॅरडमधून निम्मा. म्हणून दोनच्या जागी एक बसवला की टिणटिण लक्षात येण्याइतकी कमी होते. २५ हर्ट्झच्या रिंगला दोन मायक्रोफॅरडचा अडथळा सुमारे ३,२०० ओहम, एकचा ६,४००. रिंग थोडी मंदावते, पण एक्सचेंजची लाइन धडधाकट असेल तर पुरेशी वाजते. ०.४७ वर गेलात तर अडथळा साडेतेरा हजारांवर जातो आणि जड टोल्याची घंटी खाकरल्यासारखी वाजते. मी एकच्या खाली जात नाही.

बदलायचा असेल तर २५० व्होल्ट किंवा जास्तीचा पॉलिएस्टर फिल्मचा घ्या, ज्याला अधिक-उणे अशी बाजू नसते. अधिक-उणे लिहिलेला इलेक्ट्रोलिटिक इथे कधीच लावू नका. दिशा बदलणाऱ्या रिंगमध्ये तो फुगतो आणि फुटतो.

आकडा बदलायचा नसला तरी जुना कागदी कंडेन्सर तपासाच. मेणात बुडवलेला कागद आमच्याकडच्या उन्हाळ्यांनी पाझरायला लागतो. असा कंडेन्सर स्थिर दाबही थोडा आत सोडतो. मग घंटी एकदाच वाजून गप्प होते, कारण एक्सचेंजला वाटतं फोन उचलला. किंवा लाइन कायम गुंतलेली दाखवते. तपासायला कंडेन्सरची एक तार सोडवा आणि मीटर सगळ्यात मोठ्या ओहमच्या पट्ट्यावर लावा. आकडा चढत चढत पट्ट्याबाहेर गेला तर ठीक. कुठेतरी थांबून राहिला तर गळका.

चौथा उपाय : दोन झेनर

तारा उलटवल्या, वाट्या जुळवल्या, तरी टिणटिण उरली, तर हा रामबाण. खर्च चहा-नाश्त्याएवढा.

झेनर डायोड हा वीज एका दिशेने सहज सोडणारा छोटा भाग. उलट्या दिशेने तो ठरावीक व्होल्टपर्यंत वीज अडवतो, त्यापुढे सोडतो. दोन झेनर एकमेकांकडे पाठ करून एका रांगेत जोडले, की दोन्ही दिशांना एक दार तयार होतं : लहान धक्का बाहेरच थांबतो, मोठा आत जातो. ३० व्होल्टचे, एक वॉटचे दोन घ्या. दुकानात १एन४७५१ म्हणून मागा. प्रत्येकाच्या एका टोकाला काळी पट्टी असते. पट्टीकडचे दोन पाय एकमेकांना सोल्डर करा, उरलेली दोन टोकं मोकळी. आता घंटीकडे जाणारी एक तार सोडवा आणि मधे ही जोडी घाला. कुठलं टोक कुठे, याने फरक पडत नाही. वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा, म्हणजे पत्र्याला टेकणार नाही.

हे चालतं कसं ते आकड्यांत बघा. एका दिशेला ३० व्होल्ट अधिक दुसऱ्या झेनरचे ०.७, म्हणजे ३०.७. दोन्ही दिशा मिळून सुमारे ६१ व्होल्टची मोकळी पट्टी. टिचकीची चढ-उतार ४० ची. ती त्या पट्टीतच खेळत राहते आणि घंटीपर्यंत काही जात नाही. रिंग ७५ व्होल्टची म्हटली तरी तिचं एक टोक त्याच्या १.४१४ पट, म्हणजे १०६ वर आणि दुसरं उणे १०६ वर जातं, एकूण २१२. त्यातून ६१ वजा जाता दीडशे उरतात. घंटी वाजते, किंचित कमी जोराने. पहिल्या टिचकीला एखादं बारीक टिंग कधीकधी उरतं, रिलेच्या उसळीमुळे. ते मी सोडून देतो.

काहीजण झेनरऐवजी घंटीच्या वाटेत ३.३ किलोओहमचा रेझिस्टर घालतात. टिणटिण कमी होते, पण रिंगही त्याच प्रमाणात. लहान झटका आणि मोठा झटका यांत रेझिस्टर भेद करत नाही, झेनर करतो.

घंट्या किती हव्यात?

हा प्रश्न खरंतर आधी विचारायला हवा. तीन फोन असले म्हणून तीन घंट्या वाजायलाच हव्यात असं नाही. माजघरातल्या फोनच्या घंटीच्या एका तारेत साधा छोटा स्विच बसवून तो बाहेर काढला, की दुपारी झोपायच्या वेळी ती घंटी बंद. फोनवर बोलता येतंच. आमच्या पेढीवर पुढे हेच केलं.

जुन्या ब्रिटिश पद्धतीत तीन तारांची जोडणी असायची. दोन तारा लाइनच्या आणि तिसरी घंटीची. कुठल्याही फोनची तबकडी हलली की तिच्या पत्त्या तिसऱ्या तारेतून सगळ्या घंट्या बंद ठेवायच्या. घरात चार तारांची केबल आधीच फिरवलेली असेल आणि फोन एकाच जातीचे असतील, तर ही जोडणी सुरेख चालते. वेगवेगळ्या जातीचे असतील तर फंदात पडू नका, झेनरच बरे.

भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात भंगारात हँडल फिरवायचे मॅग्नेटो फोन मिळतात. त्यांच्या घंटीच्या वाटेत बहुधा कंडेन्सर नसतो. तसा फोन थेट लाइनला जोडला, तर त्यातून सतत वीज वाहते आणि लाइन उचललेलीच राहते. जोडायचाच असेल तर आधी एक मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर रांगेत घाला.

रात्रीची आणि पावसातली

रात्री ठरावीक वेळी एकच टिणटिण येत असेल, तर ती एक्सचेंजची आपोआप होणारी लाइन तपासणी असू शकते. तारांचं इन्सुलेशन बघायला लाइनवर काही क्षण वेगळा दाब टाकतात. उपाय तोच : तारा उलटवा, नाही भागलं तर झेनर.

पावसातली मात्र बाहेर शोधावी लागते. लाइनच्या दोन तारा शेजारीशेजारी, एकमेकींना पीळ देऊन जातात. म्हणून शेतातून ११ हजार व्होल्टच्या तारांच्या बाजूने कितीही जावं लागलं, तरी दोघींवर सारखाच परिणाम होतो आणि घंटीला फरक कळत नाही. पण एका तारेचा जोड उघडा पडून ओल्या भिंतीला किंवा मातीला टेकला, की तोल जातो. मग मोटारी सुरू होण्याच्या वेळेला घंटी कुरकुरते, फोनमध्ये घूं घूं येतं. रोझेट उघडा : आत हिरवा गंज, मुंग्यांचं घर किंवा वाळलेली पाल सापडते. स्क्रू घासून तारेची टोकं नव्याने सोला, बाहेरचे जोड जेल भरलेल्या कनेक्टरमध्ये घ्या. खांबावरच्या डीपीत, म्हणजे तारा वाटून देणाऱ्या पेटीत, बिघाड असेल तर लाइनमनला सांगा आणि त्याला नेमकं सांगा, की दोनपैकी एक तार जमिनीला लागते आहे असं वाटतं. नुसतं "फोन खराब" म्हटलं की तो येतो, रिंग देऊन बघतो, वाजली म्हणतो आणि जातो. हा माझा अनुभव.

फायबरच्या डब्यावर

आता तांब्याची लाइन काढून घरात फायबर आलं, फोन त्या डब्याच्या मागच्या फोन पोर्टला. इथे दोन गोष्टी बदलतात. एक, बरेच डबे तबकडीच्या टिचक्या ओळखतच नाहीत. फोन येतो, लावता येत नाही. तरीही तबकडी फिरवली की शेजारच्या फोनची घंटी टिणटिणतेच, कारण तारेवरची चढ-उतार तीच.

दुसरं, डब्याची रिंग एक्सचेंजपेक्षा अशक्त असू शकते. समजा ४५ व्होल्टची, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत १२७. त्यातून ६१ गेले तर ६६ च उरतात आणि जड घंटी कण्हते. अशा ठिकाणी ३० ऐवजी २२ व्होल्टचे झेनर लावा, १एन४७४८. मोकळी पट्टी ४५ ची होते, टिचकीचे ४० तरीही आत मावतात आणि रिंगसाठी ८० च्या वर उरतात. कंडेन्सर मूळचाच, दोनचा ठेवा. डब्याच्या किंवा अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये रिंगची वारंवारता निवडता येत असेल, तर २५ हर्ट्झ निवडा. एका डब्यावर जड घंटीचे तीन फोन लादू नका. एकाची घंटी ठेवा, बाकीच्यांना स्विच.

तळ बंद करण्याआधी

सगळं जुळलं की शून्य फिरवून, रिसीव्हर उचलून-ठेवून, खरी रिंग देऊन, तिन्ही गोष्टी दोन-दोनदा तपासा. तळाचे स्क्रू आवळल्यावर पुन्हा एकदा तपासा, कारण कधीकधी वरचं कवच बसल्यावर वाटी त्याला घासते आणि पुन्हा उघडावं लागतं.

मग एक चिठ्ठी लिहून तळाच्या आतल्या बाजूला चिकटवा : तारीख, रोझेटवर कुठली तार कुठे, कंडेन्सर किती मायक्रोफॅरडचा, झेनर किती व्होल्टचे, स्प्रिंग कुठल्या खाचेत. बॉलपेनने लिहू नका, उन्हाळ्यात शाई पसरते. पेन्सिलने लिहा.